एकेचाळीस दारं

काटकोनताईला वाकडं बघवत नसे. कुणाकडे गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर एका अंगाला कललेलं दिसलं, की हातातला चहा खाली ठेवून ती उठायची, कॅलेंडर सरळ करायची आणि मगच पुढचा घोट घ्यायची. दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या तिने डॉक्टरांची पाटी सरळ केली होती. एकदा तर सांत्वनाला गेलेल्या घरी, सगळे माना खाली घालून बसलेले असताना, हिने उठून वारलेल्या माणसाचा फोटो नीट केला. लोक हसायचे. खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं, आणि या नावाचं वाईट वाटणं सोडाच, मनातून ती त्यावर जरा खूशच असायची.

खूश व्हावं असं त्या सवयीत काही नव्हतं, हे कळायला तिला बारा महिने लागले.

शहरातल्या कलादालनात ती वीस वर्षं चौकटी करत होती. दालन म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम. उंच छत, जाड भिंती आणि मागच्या अंगाला तिची खोली. तिथे लाकडाच्या पट्ट्या, काचा, पुठ्ठे, गोंदाचे डबे, आणि दाराला आतून कडी, कारण काच कापताना कुणी धाडकन आत आलं तर हिचा पारा चढायचा. दालनात वर्षातून एकदा सामूहिक प्रदर्शन भरे. विषय एकच द्यायचा, आणि आसपासच्या ज्याच्या हातात काही कला असेल त्याने आपापल्या परीने तो मांडायचा. कुणी रंगवायचं, कुणी विणायचं, कुणी मातीत घडवायचं, कुणी फोटो काढायचे. एका वर्षी विषय होता ‘भूक’, एका वर्षी ‘वाट पाहणं’. या वर्षी संचालिकाबाईंनी ठरवला ‘आमचा डोंगर’.

डोंगर शहराच्या उत्तरेला, गाडीने पाऊण तासावर. त्याच्या अंगावर गाव, गावाच्या डोक्यावर वरची आळी, आणि वरच्या आळीत काटकोनताईचं माहेर. तिथे आई होती, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. दादा, वहिनी आणि नऊ वर्षांची भाची होती. दादा सुतार. वडिलांच्या हाताखाली दोघं भावंडं एकाच फळीवर शिकली. पुढे त्याने दारं-खिडक्या केल्या आणि हिने चौकटी. दादाचा हिच्यावर जीव होता, पण आपल्या कामात हिने खोट काढलेली त्याला अजिबात खपत नसे, आणि खोट काढल्याशिवाय हिला चैन पडत नसे. त्यामुळे भेटी कमी आणि फोन जास्त, असं दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

प्रदर्शनातली सगळ्यात मोठी भिंत पोस्टमनकाकांची होती. काका निवृत्त झालेले. डोंगराच्या समोर, दरीच्या पलीकडे खडकावर त्यांचं घर. जन्मभर डोंगर चढून-उतरून गुडघे गेले, आता बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघतो, असं म्हणत त्यांनी ओट्यावर सिमेंटचा खांब उभारला, त्यावर कॅमेरा चार बोल्टांनी आवळला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डोंगराचा एक फोटो काढायचा नेम धरला. फोटो छापून झाला की ते तो काटकोनताईकडे पाठवायचे आणि ती त्याला चौकट करायची. असे बारा झाले होते.

डोंगराच्या फोटोची एक अडचण असते. समुद्र असेल तर पाणी आडवं असतं, मैदान असेल तर जमीन आडवी. डोंगरात आडवं म्हणून काही सापडत नाही, सगळं तिरकं. मग उभ्या वस्तूचा आधार घ्यावा लागतो. वरच्या आळीच्या मागे विजेचे पाच खांब ओळीने होते. काटकोनताई फोटोवर गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, धरायची, खांब ताठ दिसेपर्यंत फोटो पुठ्ठ्यामागे फिरवायची, चिकटपट्टी लावायची आणि वर चौकट बसवायची. पहिले दोन महिने फिरवावं लागलंच नाही. मग थोडं थोडं लागायला लागलं. “काकांचा कॅमेरा ढिला झालाय वाटतं,” असं स्वतःशी म्हणत तिने दर महिन्याला फोटो सरळ केला. काकांना सांगायचंही तिच्या मनात आलं नाही. उगाच म्हाताऱ्याचा हिरमोड कशाला?

शनिवारी अकराला उद्घाटन होतं. शुक्रवारी सकाळी संचालिकाबाई कमरेवर हात ठेवून त्या बारा फोटोंसमोर उभ्या राहिल्या.

“हे पिवळट पुठ्ठे नकोत गं. दुखणाईत दिसतायत. राखाडी कर.”

“आज? बाराच्या बारा?”

“तुला काय, डाव्या हाताचा मळ,” म्हणत बाई फुलवाल्याला झापायला निघूनही गेल्या.

बाईंना मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या घालत काटकोनताईने बाराही चौकटी खाली उतरवल्या, मागचे खिळे काढले आणि पाठी उघड्या करून लांब टेबलावर ओळीने पालथ्या मांडल्या. महिन्यांच्या क्रमाने, कारण क्रम चुकलेला तिला कसा चालेल. मग चिकटपट्टी सोडवायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

पहिला फोटो पुठ्ठ्याच्या कडेला अगदी समांतर होता. तिसऱ्याची कड किंचित कलली होती. सहाव्याची बोटभर, नवव्याची दीड बोट. बारावा फोटो एवढा फिरला होता की त्याचा कोपरा पुठ्ठ्याबाहेर येऊ नये म्हणून तिनेच तो कातरीने कापला होता, हे तिला आत्ता आठवलं. एकेक करून बघताना कधी जाणवलं नव्हतं. बारा एकदम ओळीत पडले तेव्हा पत्त्यांचा डाव हातात पसरावा तसा तो कल उलगडत गेलेला दिसला. एकाच बाजूला, दर महिन्याला आधीपेक्षा जास्त.

आधी तिला स्वतःची लाज वाटली, काम किती ओबडधोबड केलंय म्हणून. लाजेच्या मागून दुसरं काहीतरी आलं आणि तिने फोन उचलला.

“काका, तुमचा कॅमेरा हलतो का हो?”

“हलतो?” पोस्टमनकाका दुखावलेच. “अगं, नातू दिवसभर त्या खांबाला लोंबकळतो, तरी तसूभर हललेला नाही. चार बोल्ट आहेत, चार! का गं, फोटो बरे नाही आले?”

“चांगले आलेत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कॅमेरा हलला नव्हता. म्हणजे खांब हलले होते. पाचही खांब एका बाजूला, एका मापाने, खालच्या अंगाला झुकत चालले होते आणि दर महिन्याला तिने ते आपल्या हाताने पुन्हा ताठ उभे करून काचेमागे बंद केले होते. बारा महिने डोंगर काही सांगत होता आणि ही बाई त्याची मान सरळ करत बसली होती.

ती दालनात आली. आत आलेली एकेक वस्तू ती आता वेगळ्याच नजरेने बघू लागली. मातीमावशी म्हणून एक बाई वरच्या आळीत मातीची भांडी आणि मुखवटे करायची. तिच्या मुखवट्यांखाली लावायची माहितीपट्टी काटकोनताईनेच कालच चिकटवली होती, शब्दसुद्धा न वाचता, फक्त सरळ आहे ना एवढं बघून. आता वाचली. ‘या वर्षी माती खणावी लागली नाही. वरच्या आळीच्या मागे जमीन आपणहून उघडली आहे, त्यातून हात घालून काढली. फार मऊ आहे.’

आणि दादाचं काम. ते गुरुवारी टेम्पोतून आलं होतं. भलामोठा लाकडी डोंगर, पुरुषभर उंच, सगळा पट्ट्यापट्ट्यांचा. दादाने आयुष्यात पहिल्यांदा असं काही केलं होतं, वहिनीच्या आणि भाचीच्या नादाने. फोनवर त्याचा आनंद मावत नव्हता. “काय काम होतं म्हणून सांगू या वर्षी! आख्ख्या वरच्या आळीची दारं फुगली. एकेचाळीस दारं घासली मी. ज्याच्या त्याच्या दाराची कड कापली, ती पट्टी ठेवून दिली. त्याच पट्ट्यांचा डोंगर केलाय. नाव काय दिलंय माहितीये? ‘एकेचाळीस दारं’.” काटकोनताईने तो डोंगर लांबूनच बघितला होता. जवळ गेले तर खोट दिसेल, खोट दिसली तर तोंडातून निघेल, आणि निघाली तर भांडण होईल, म्हणून ती जवळ गेलीच नव्हती.

आता गेली. एका पट्टीवर बोट फिरवलं. खालच्या टोकाला पट्टी नखाएवढी पातळ, वरच्या टोकाला अंगठ्याएवढी जाड. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. एकेचाळीस पट्ट्या आणि एकही सारख्या जाडीची नाही. सगळ्या पाचरी.

लाकूड ओलीने फुगतं तेव्हा सगळीकडून सारखं फुगतं. घासलं तर सारखी पट्टी निघते. पाचर निघते ती दार फुगल्यावर नाही, चौकट कलल्यावर. हे वडिलांनी दोघांनाही शिकवलं होतं. पण दादासमोर एका वेळी एकच दार यायचं. दाराला जिथे अडतंय तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, कापायची, रंधा फिरवायचा, दार सुळ्ळकन लागलं की घरधनी खूश आणि दादाही खूश. चौकटीला गुण्या कोण लावतो? दार अडायचं बंद झालं ना, मग झालं.

तिने दादाला फोन लावला.

“दादा, तुझ्या पट्ट्या पाचरी आहेत.”

“झालं सुरू,” दादा म्हणाला. “अगं, उद्घाटन तरी होऊ दे.”

“तसं नाही रे. चौकटी कलल्यायत. घरं कलतायत. पोस्टमनकाकांच्या फोटोतले खांब बघ, मातीमावशीने लिहिलंय ते बघ, मागे जमीन उघडलीय.”

“ती भेग होय? ती खाली नवा रस्ता खोदतायत ना, तेव्हापासूनची. रस्तेवाले येऊन बघून गेले. काही नाही म्हणाले.”

“आईला घेऊन इकडे ये. आज.”

दादाचा आवाज बदलला.

“धाकटे, हे घर मी माझ्या हातांनी बांधलंय. जागा मी निवडली. बाबा नको म्हणत होते, तू नको म्हणत होतीस, आईसुद्धा कुरकुरत होती. वीस वर्षं झाली, एक कौल हलला नाही. आता आयुष्यात पहिल्यांदा मी चार लोकांत मिरवावं असं काही केलंय, तर तुला त्यात पाचरी दिसल्या. उद्या येतो. माझं काम हलवू नकोस तेवढं.”

त्याने फोन ठेवून दिला. तिला रडू आलं ते रागाने की भीतीने, तिलाच कळलं नाही.

मग तिने आपत्तीचं बघणाऱ्या सरकारी कचेरीत फोन केला. तिथल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं, फोटो किती, पट्ट्या किती, आणि सोमवारी लेखी अर्ज दोन प्रतींत आणून द्यायला सांगितलं. संचालिकाबाईंकडे गेली तर बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

“तुझी झोप झालेली दिसत नाही. उद्या पाहुणे आहेत, बाई. लोकांना घाबरवायला प्रदर्शन भरवत नाहीत.”

काटकोनताईने वाद घातला नाही. खोलीत गेली, आतून कडी लावली, आणि वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. बारा फोटो त्यांच्या स्वतःच्या कडेला धरून लावले. गुण्या खुंटीला राहिला. कॅमेऱ्याने जसं बघितलं तसंच. पुठ्ठे मात्र राखाडी केले, म्हणजे बाईंना बोलायला जागा नको. संध्याकाळी सगळं भिंतीवर चढलं तेव्हा पहिल्या चौकटीत खांब ताठ होते आणि बाराव्यात ते उतारावरून खाली धावत निघालेल्या माणसासारखे दिसत होते. मग पहाऱ्याच्या माणसाच्या मदतीने तिने दादाचा डोंगर उचलला आणि फोटोंच्या शेजारी आणून ठेवला. त्याच्याही शेजारी मातीमावशीचे मुखवटे. तिघांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली होती. ती एका ओळीत कुणी मांडली नव्हती, एवढंच.

शनिवारी दहा वाजता गावातून बस आली. पंधरा-सोळा माणसं, ठेवणीतले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता. आई आणि भाचीपाशी वहिनी मागे राहिली होती. आपला डोंगर जागेवर नाही हे त्याला दारातूनच दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“हलवलासच,” तो म्हणाला.

“हलवला. ये इकडे.”

तोवर पोस्टमनकाका आपल्या भिंतीपाशी पोचले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे काय केलंस गं? सगळे वाकडे लावलेस?”

दोन-तीन जण हसले. “काटकोनताई आणि वाकडं? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा!” एकाने तर हात पुढे करून बारावी चौकट सरळ करायला घेतली, तिने त्याच्या हातावर फटका मारला.

“चौकट सरळच आहे,” ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तो तिला खाली आणता येईना. “काका, तुम्ही काढला तसाच लावलाय. आधी मी लावत होते ते खोटं होतं. वरच्या आळीमागचे खांब आहेत हे. रोज बघता ना तुम्ही सगळे? मग आता बघा.”

हसणं थांबलं नाही, पण जरा पातळ झालं. रोज दिसणारी वस्तू रोज थोडी थोडी वाकली तर डोळाही तिच्याबरोबर वाकतो. एक म्हातारा म्हणाला, खांब पहिल्यापासूनच तसे आहेत. दुसरा म्हणाला, वीजवाल्यांचं कामच तसलं. संचालिकाबाई पाहुण्यांना घेऊन आत येत होत्या आणि लांबूनच डोळे वटारत होत्या.

काटकोनताईने एप्रनच्या खिशातून गुण्या काढला. सकाळीच तिने तो खुंटीवरून उतरवून घेतला होता. वडिलांचा होता. तो तिने दादाच्या हातात दिला.

“तुझी कुठलीही पट्टी घे. दोन्ही टोकं मोज. मी काही बोलत नाही. तूच मोज.”

दादा तिच्याकडे रोखून बघत राहिला. चार लोकांसमोर नको म्हणता येईना, म्हणून त्याने एक पट्टी मोजली. मग दुसरी. मग तो खाली बसला आणि पट्ट्यांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली घरांची नावं वाचत एकेक मोजत गेला. बारा-तेरा झाल्यावर त्याचा हात थांबला. काटकोनताईने त्याच्या मानेवर घाम आलेला पाहिला.

“सगळ्यांची जाड बाजू एकीकडेच,” तो हळूच म्हणाला. “माझ्या हातातून गेल्या गं या. एकेक करून गेल्या.”

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. वहिनी होती. दालनात पाहुण्यांचं स्वागत चाललं होतं, म्हणून त्याने फोन कानाशी घट्ट धरला, तरी वहिनीचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

“अहो, आईंच्या खोलीचं दार उघडेना. सकाळी तुम्ही गेल्यावर लागलं ते लागलंच. खिडकीतून चहा दिला त्यांना. तुम्ही आलात की जरा घासून द्या. आणि शेजारच्यांचंही अडकलंय म्हणे, ती माणसं आतच आहेत. हसतायत सगळी.”

दादा उठून उभा राहिला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. दालनाच्या मधोमध उभा राहून, रंधा मारताना लाकडाच्या दुसऱ्या टोकाला ओरडून सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, “वरच्या आळीतले जेवढे आहात तेवढे बसमध्ये बसा. आत्ता.” आणि सुताराने कधी आवाज चढवला नव्हता म्हणूनच की काय, सगळे बसले. पाहुणे हातात फुलं घेऊन बघत राहिले.

काटकोनताई त्याच्या मागे धावली. तो बसच्या पायरीवर वळला.

“तू नको येऊस. मी माणसं खाली पाठवतो, इथे त्यांना घेणारं कुणीतरी हवं. आई आली की तिला सपाट झोपव, कुशीवर नको.”

“दादा, मला आधी कळायला हवं होतं. बारा महिने…”

“मलाही,” तो म्हणाला. “जा आता. जागा कर.”

तिने जागा केली. संचालिकाबाईंनी पहिली दहा मिनिटं आरडाओरडा केला, मग बारावा फोटो नीट बघितला, आणि मग पाहुण्यांना लावून दिलं. उरलेला दिवस दोघींनी मिळून खुर्च्या हलवल्या, पडदे उतरवून जमिनीवर अंथरले, चहाचं मोठं पातेलं चढवलं. सोमवारचा अर्ज बाईंनी फोनवरच कचेरीच्या गळी उतरवला, अशा भाषेत की ती इथे लिहिण्यासारखी नाही.

दोन वाजता पहिला टेम्पो आला. त्यात आई, वहिनी, भाची आणि शेजारची चार माणसं. आई गादीसकट होती, चिडलेली होती.

“दार मोडलं गं त्याने,” तिने आल्या आल्या तक्रार केली. “चांगलं सागाचं दार. कुऱ्हाडीने. वेडा झालाय का तो?”

“तो कुठाय?” काटकोनताईने वहिनीला विचारलं.

“वर आहे.” वहिनीचे ओठ कोरडे पडले होते. “ताई, सगळ्यांचीच दारं बसलीयत हो. कुणाचं उघडेना. माणसं आत आहेत, म्हातारी आहेत. बाकीचे पहारी घेऊन नुसतेच ठोकतायत. हे म्हणाले, कुठल्या दाराला कुठे अडतं ते मलाच ठाऊक आहे, मीच घासलीयत ना. मी चला म्हटलं. पोरीला पाया पडायला लावलं. आले नाहीत.”

तीन वाजता त्याचा फोन आला. मागे लाकूड फुटल्याचा आवाज येत होता.

“एकोणीस झाली,” तो धापा टाकत म्हणाला. “आई जेवली का?”

“दादा, तू ये. बाकीचे करतील.”

“त्यांना नाही जमत गं. ते मधोमध मारतात. पाचर वरच्या कोपऱ्यात असते.” आणि त्याने फोन बंद केला.

मग माणसं येतच राहिली. टेम्पोतून, ट्रॅक्टरमधून, दुचाकीवर तिघं तिघं. कुणाच्या हातात पेटी, कुणाच्या कोंबडी. फोटोंखाली, मुखवट्यांखाली, जागा मिळेल तिथे बसली. काटकोनताई दाराशी उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, कुठलं घर? आणि दादाच्या लाकडी डोंगरापाशी जाऊन, मागचं नाव शोधून, त्या पट्टीवर खडूने खूण करत होती. सहा वाजता एकोणचाळीस पट्ट्यांवर खुणा झाल्या. मातीमावशी आली तेव्हा चाळीस. आपले मुखवटे भिंतीवर बघून ती रडली की हसली ते कळलं नाही, नुसती खाली बसली.

सव्वासहाच्या सुमारास दालनाची जमीन थरथरली. जवळून मोठा ट्रक जावा तशी. ट्रक गेला नाही. भिंतीवरच्या सगळ्या चौकटी एकदम वाजल्या. कुणी उठून बाहेर बघायला गेलं नाही. बाहेरून काही दिसण्यासारखं नव्हतंच. पाऊण तासाची वाट होती मध्ये.

तिने दादाला फोन लावला. परत लावला. अकरा वेळा लावला.

अंधार पडता पडता शेवटचं जोडपं आलं. वरच्या आळीच्या टोकाला राहणारी दोघं म्हातारा-म्हातारी. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, म्हातारीच्या एका पायात चप्पल नाही. पोस्टमनकाकांनी रस्त्यात त्यांना गाठून गाडीत घातलं होतं. काका दाराबाहेरच थांबले. आत यायला धजेनात, ते बघितल्याबरोबर काटकोनताईला कळलं. तरी तिने विचारलं.

“दार निघेना आमचं,” म्हातारा म्हणाला. “वरची लाकडी पट्टीच खाली बसली होती दारावर. त्याने पहार टाकली, मग खांदा दिला. खांद्यावर पेलून धरली त्याने ती, आणि म्हणाला, निघा खालून, काका, काकूला घेऊन निघा. आम्ही निघालो. पायरीवरून उतरलो, पाण्याच्या टाकीपर्यंत आलो. मागे वळून बघितलं तर…” त्याने हात हवेत आडवा फिरवला. “आळीच नव्हती, पोरी. काहीच नव्हतं. नुसती माती होती.”

वहिनी कोपऱ्यात भाचीला थोपटत होती. तिने ऐकलं नव्हतं. आईने ऐकलं होतं का, हे सांगणं कठीण होतं. तिला कमी ऐकू यायचं आणि हवं तेव्हा जास्तही.

काटकोनताई आईपाशी जाऊन बसली.

“कोण आलं?” आईने विचारलं.

“टोकाच्या घरचे आजी-आजोबा.”

“उघडलं का त्यांचं दार?”

“उघडलं, आई.”

“मग येईलच तो आता,” आई म्हणाली. “शेवटचंच घर ना ते? कामं संपली की येतो तो. जेवायला काही ठेवलंयस ना त्याला?”

“ठेवलंय,” काटकोनताई म्हणाली, आणि ताट वाढायला उठली.